पोस्ट प्रोसेसरची निवड : यंत्राची बोली ओळखण्याविषयी थोडेसे

उधना, पांडेसरा आणि सचिन या भागांतील कारखान्यांत खानदेशातून आलेली आपली कितीतरी मुले आता लूमवर नव्हे, तर सीएनसी यंत्रावर उभी राहतात. त्यांपैकी काही जण ऑपरेटरचे प्रोग्रामर होऊ पाहत आहेत. त्यांना पहिल्याच पायरीवर अडवणारा प्रश्न पोस्ट प्रोसेसरचा. त्यासंबंधी आम्हांस अनुभवाने जे कळले, ते येथे मांडीत आहोत.

सुरतेच्या वाचकाला हा विषय जेकार्डवरून चटकन समजेल. नक्षी एकच असली, तरी ती ज्या जेकार्डवर चढवायची त्याचे हूक किती, हे ठाऊक असल्यावाचून तिची पत्ती पाडता येत नाही. येथेही तसेच. मास्टरकॅम असो की फ्यूजन, संगणकावर आपण आखतो तो केवळ टूलने कोठून कोठे जावे याचा हिशेब. तो हिशेब विशिष्ट यंत्राच्या बोलीत उतरवणारा दुभाषी म्हणजे पोस्ट प्रोसेसर. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एपीटी ही भाषा तयार झाली; हिशेब निराळा आणि बोली निराळी, ही वाटणी त्या काळापासूनची आहे.

कोणी म्हणेल, जी-कोड सगळीकडे सारखाच ना? नावाने सारखा. धुळ्याची मराठी आणि मालवणची मराठी नावाने एकच, तितपत. वर्तुळखंडाची त्रिज्या फॅनुकवर ‘आर’ अक्षराने सांगतात. सीमेन्सवर तेथे ‘सीआर’ लिहून बरोबरीचे चिन्ह द्यावे लागते, कारण नुसता ‘आर’ तेथे हिशेबाचा चल असतो. टूलची लांबी फॅनुकच्या मिलिंग यंत्राला जी ४३ आणि ‘एच’ क्रमांकाने कळते, सीमेन्सला ‘डी’ क्रमांक पुरतो. हायडेनहाइनच्या स्वतःच्या संवादी भाषेत तर जी-कोडच नसतो.

हे फरक निदान उघड दिसतात, बहुधा यंत्रच अडून बसते. खरा धोका एकाच घराण्यातील पोटभेदांचा. फॅनुकच्या लेथमध्ये जी-कोडच्या ए, बी आणि सी अशा तीन पद्धती असून त्यांतील कोणती चालू आहे, हे पॅरामीटरवर ठरते. ए पद्धतीत स्पिंडलच्या वेगाला कमाल मर्यादा जी ५० ने घालतात आणि जी ९२ म्हणजे आटे पाडण्याचे चक्र. बी पद्धतीत तीच मर्यादा जी ९२ ने घालतात.

एका कारखान्यात नवा लेथ आला, तेव्हा “कंट्रोल फॅनुकचाच आहे, चालून जाईल” म्हणून दुसऱ्या यंत्राचा पोस्ट आम्हीच त्याला लावला. जॉब जड, एका बाजूला झुकता. सेटिंगवरचा मुलगा पडद्यावर एकेक ओळ वाचीत होता. तो म्हणाला, “काका, यात जी ५० कुठेच नाही.” नव्या यंत्रावर ए पद्धत होती, आमची मर्यादा त्याच्या लेखी मर्यादाच नव्हती. आता हिशेब पाहा. कापण्याचा वेग मिनिटास २०० मीटर कायम ठेवला, तर १०० मिलिमीटर व्यासावर स्पिंडल मिनिटाला सुमारे ६३७ फेरे घेतो. व्यास १० मिलिमीटरवर आला की तेच फेरे सुमारे ६,३६६ होऊ पाहतात. मर्यादा नसती, तर तो जॉब चकमध्ये राहिला असता असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. चूक आमची होती, हे येथे लिहिण्यास संकोच वाटत नाही.

दुसरी गोष्ट टिंबाची. काही यंत्रांवर दशांशचिन्हाशिवाय लिहिलेला ५० हा ५० मिलिमीटर नसून ५० मायक्रॉन, म्हणजे ०.०५ मिलिमीटर असतो. पोस्टने टिंब गाळले, तर टूल जॉबच्या वर ५० मिलिमीटर उचलले जाण्याऐवजी जेमतेम केसाएवढे उचलले जाते आणि तसेच वेगाने क्लॅम्पवर जाते. येथेही अर्थ पॅरामीटरवरच ठरतो.

म्हणून पोस्ट निवडताना कंट्रोलचे नुसते नाव विचारू नये. त्याचे मॉडेल, यंत्र बनवणाऱ्याचे नाव, अक्ष किती, हे पाटीवरून उतरून घ्यावे. चक, टेलस्टॉक यांचे एम-कोड यंत्र बनवणारा ठरवतो, कंट्रोलवाला नव्हे. त्याहून मोलाचा कागद म्हणजे त्या यंत्रावर सुरळीत चाललेला एखादा जुना प्रोग्राम. तो मागून आणावा आणि आपल्या पोस्टमधून निघालेला प्रोग्राम त्याच्याशेजारी ठेवून आरंभ, टूलबदल आणि शेवट या तीन जागा ओळीने ताडून पाहाव्यात. प्रत्येक प्रोग्राम हाताने दुरुस्त करावा लागत असेल, तर पोस्ट चुकीचा आहे असे समजावे; थकल्या रात्रपाळीत ती दुरुस्ती एखाद्या दिवशी राहून जाते.

पहिली चाचणी मिलिंगवर झेडचा शून्य जॉबच्या बराच वर धरून, लेथवर जॉब न लावता. दार बंद, एकेक ओळ, जलद गती अगदी कमी. पोस्टमध्ये बदल एकानेच करावा, जुनी प्रत तारीख घालून ठेवावी. आमच्याकडे हे काम आता त्याच मुलाकडे आहे. लेथच्या दारावर आतून त्याने एक कागद चिकटवला आहे. त्यावर यंत्राची पद्धत ए आणि मर्यादेचा कोड जी ५०, एवढेच लिहिलेले आहे.