बॅटरीवर चालणारी आयात उपकरणे : चार्जिंग आणि प्लगची सुरक्षितता

खरीप हंगामात दर्यापूर तालुक्यातील कपाशी, तूर व सोयाबीनच्या शिवारात पाठीवरचा बॅटरी पंप हे आता नेहमीचे दृश्य झाले आहे. हाताने दांडा मारण्याचे श्रम या पंपाने वाचविले. त्याच्याबरोबर घराघरांत विजेऱ्या, डास मारण्याच्या रॅकेटी, बॅटरीचे दिवे, मोबाइल आणि विद्युत् दुचाकीही आल्या. यांतील बरीच उपकरणे, किंवा निदान त्यांचे चार्जर, परदेशी बनावटीचे असतात. त्यांचे प्लग आपल्या सॉकेटसाठी तयार केलेले नसतात. मग चपट्या पिना वाकवून बसविणे, सैल पिनेखाली कागद सारणे किंवा वायरची उघडी टोके सॉकेटमध्ये खोचून आगपेटीच्या काडीने घट्ट करणे, असे उपाय केले जातात. या उपायांची किंमत कधी एखाद्या चार्जरएवढी, तर कधी एका जिवाएवढी असते.

सन २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेत अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यानंतर फवारणी करताना घ्यावयाच्या दक्षतेबद्दल बरेच प्रबोधन झाले. परंतु त्याच पंपाचे चार्जिंग घराच्या पडवीत, ओल्या हातांनी व कसल्याही प्लगवर होत असते. त्या बाजूचे प्रबोधनही तितकेच निकडीचे आहे. शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांना हा विषय गावकऱ्यांना समजावून देता यावा, या हेतूने त्याची मांडणी येथे केली आहे.

पिनांचा आकार आणि विजेचा दाब

आपल्याकडे घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा व ५० हर्ट्झ वारंवारतेचा असतो. प्लग व सॉकेट यांच्यासाठी आयएस १२९३ हे भारतीय मानक आहे. त्यानुसार घरगुती वापरात ६ अँपिअर व १६ अँपिअर असे दोन प्रकार येतात आणि दोन्हींच्या पिना गोल असतात. ६ अँपिअरच्या तीन पिनांच्या प्लगमध्ये वीज वाहणाऱ्या दोन पिनांची जाडी सुमारे ५ मिलिमीटर असते. अर्थिंगची पीन त्यांहून जाड व लांब असते. ही लांबी हेतुपूर्वक ठेवलेली आहे. प्लग बसविताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे, असा तिचा उद्देश आहे.

इतर देशांची रीत निराळी आहे. अमेरिका व जपानमध्ये दोन चपट्या पिना वापरतात. चीनमध्येही दोन चपट्या पिना आढळतात. युरोपातील लहान उपकरणांच्या गोल पिना ४ मिलिमीटर जाडीच्या असतात. ब्रिटन व दुबईकडील प्लगला तीन चौकोनी पिना असून त्याच्या पोटात फ्यूज असतो.

येथे एक मुद्दा नीट ध्यानात घेतला पाहिजे. पिनांच्या आकारावरून विजेचा दाब ओळखता येत नाही. चीनमध्ये पुरवठा २२० व्होल्टचा, अमेरिकेत १२० व्होल्टचा आणि जपानमध्ये १०० व्होल्टचा आहे. पिना मात्र तिन्ही ठिकाणी जवळपास सारख्या दिसतात. केवळ १२० व्होल्टसाठी बनविलेला चार्जर आपल्या सॉकेटमध्ये लावल्यास त्यावर जवळजवळ दुप्पट दाब पडतो व तो जळतो. परदेशातील नातेवाइकांनी प्रेमाने आणलेल्या वस्तूंच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. पीन बदलणारा जोड, म्हणजे अडॅप्टर, केवळ आकार जुळवितो. दाब बदलण्याचे काम तो करीत नाही.

म्हणून पहिला नियम असा की, चार्जर लावण्यापूर्वी त्यावरील मजकूर वाचावा. ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असा निर्देश असेल, तर तो आपल्या पुरवठ्यासाठी योग्य आहे. ‘२२० व्होल्ट’ असा निर्देशही चालण्याजोगा आहे. मात्र केवळ ‘११०’ किंवा ‘१२०’ असे लिहिले असेल, किंवा काहीच लिहिलेले नसेल, तर तो चार्जर वापरू नये.

चार्जरच्या आत काय असते?

चांगल्या चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि बॅटरीची कमी दाबाची बाजू यांच्यामध्ये एक भक्कम विद्युत् भिंत असते. ऊर्जा ट्रान्स्फॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. दोन्ही बाजूंच्या तारांचा थेट संबंध येत नाही. स्वस्त व निकृष्ट चार्जरमध्ये ही भिंत तकलादू असते. दोन बाजूंमधील अंतर अपुरे असते व वेष्टन पातळ असते. ओलावा, धूळ किंवा दाबातील चढउतार यांनी ती भेदली गेली की, १२ व्होल्टच्या म्हणून निर्धास्तपणे हाताळल्या जाणाऱ्या तारेवर २३० व्होल्टचा दाब येऊ शकतो.

दुमडत्या पिनांच्या स्वस्त विजेऱ्या व डासांच्या रॅकेटी यांची स्थिती तर याहून वाईट आहे. त्यांपैकी अनेकांत ट्रान्स्फॉर्मर नसतोच. एका कपॅसिटरच्या साहाय्याने प्रवाह कमी करून तो बॅटरीस पुरविला जातो. अशा उपकरणाचा आतील प्रत्येक भाग, चार्जिंग चालू असताना, थेट घरच्या विजेशी जोडलेला असतो. म्हणून सॉकेटला लावलेली विजेरी पेटवून पाहू नये आणि रॅकेटच्या जाळीला हात लावू नये. ती लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशाच ठिकाणी चार्ज करावी. प्लास्टिकचे कवच तडकलेले असल्यास ते उपकरण बाद समजावे.

सैल पीन का तापते?

पीन व सॉकेटची पट्टी यांचा स्पर्श घट्ट नसेल, तर त्या जागी विरोध वाढतो. तेथे निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा, सैल जोडाचा विरोध अर्धा ओहम आहे. त्यातून ६ अँपिअर प्रवाह गेल्यास त्या एका बिंदूपाशी १८ वॅट उष्णता साचते. प्लास्टिक वितळावयास ती पुरेशी आहे. फवारणी पंपाचा चार्जर घरच्या विजेतून अल्प प्रवाह घेतो. त्यामुळे केवळ त्याच्या पिनेने आग लागण्याचा संभव कमी. तेथे मुख्य धोका ठिणगीचा व उघड्या पिनेला बोट लागण्याचा असतो. परंतु त्याच मल्टिप्लगवर शेगडी, इस्त्री किंवा पाणी तापविण्याचा हीटर लावला की चित्र पालटते. विद्युत् दुचाकीचा चार्जरही तासन् तास जोरकस प्रवाह घेतो. त्यास स्वतंत्र, घट्ट व अर्थिंग असलेले सॉकेटच द्यावे.

खारपाणपट्टा आणि अर्थिंग

दर्यापूर तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. भेगाळलेल्या कोरड्या मातीत अर्थिंगच्या पट्टीचा अथवा नळीचा जमिनीशी संपर्क तुटतो. क्षारांमुळे लोखंड लवकर गंजते ते वेगळेच. परिणामी बोर्डावर तिसरे छिद्र दिसते. पण त्यामागे अर्थिंग उरलेलेच नसते. प्रत्येक उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणे आणि परवानाधारक वायरमनकडून त्याची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. शाळा व पंचायत कार्यालय यांनी याचा आरंभ स्वतःपासून करावा.

याशिवाय ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच घरात बसविणे हा सर्वांत मोलाचा उपाय होय. शरीरातून जमिनीकडे प्रवाह वाहू लागताच हा स्विच क्षणार्धात पुरवठा तोडतो. साधा फ्यूज किंवा एमसीबी हे काम करू शकत नाही. कारण माणसाचा जीव घेणारा प्रवाह त्यांच्या दृष्टीने नगण्य असतो.

खेड्यातील पुरवठ्याचा आणखी एक दोष म्हणजे न्यूट्रल तार तुटणे. असे झाल्यास काही घरांत दाब एकदम खूप चढतो व तो ४०० व्होल्टच्या जवळपासही जाऊ शकतो. दिवे अकस्मात प्रखर झाले की मुख्य स्विच बंद करावा आणि महावितरणला कळवावे. पुरवठा खंडित असताना चार्जर काढून ठेवणेही हिताचे असते.

बॅटरीचे प्रकार व वेळेचे गणित

फवारणी पंपात बहुधा १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते. नव्या पंपांत लिथियम बॅटरीही येऊ लागली आहे. दोन्हींचे चार्जर वेगळे असतात. पीन बसते म्हणून एकीचा चार्जर दुसरीस लावणे धोक्याचे आहे. लिथियमचा साधा घट ४.२ व्होल्टच्या पुढे भरला गेल्यास तो तापून पेट घेऊ शकतो.

८ अँपिअर-तास क्षमतेची शिसे-आम्ल बॅटरी १.७ अँपिअरच्या चार्जरवर साधारणतः ५ ते ६ तासांत भरते. म्हणजे रात्रभर चार्जिंगची गरज नाही. आपोआप बंद न होणाऱ्या चार्जरवर बॅटरी ठेवल्यास ती तापते, तिच्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो आणि तिचे आयुष्य घटते. लिथियम बॅटरी ४५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानात चार्ज करू नये. वऱ्हाडातील मे महिन्याची दुपार पाहता, चार्जिंग सकाळी करावे. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात नव्हे. फुगलेली बॅटरी वापरू नये, फोडू नये व जाळू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

खरेदी करताना

प्लग व सॉकेटवर आयएसआय चिन्ह पाहावे. मोबाइलचे चार्जर, पॉवर बँक व अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तू यांसाठी २०१२ च्या आदेशान्वये सक्तीची नोंदणी योजना लागू झाली व पुढे तिची व्याप्ती वाढली. अशा वस्तूवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो खरा की खोटा, हे ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तपासता येते. पावती अवश्य घ्यावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल भरपाई मागण्याचा हक्क दिला आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

परदेशी प्लग असलेला चार्जर दाबाच्या दृष्टीने योग्य असेल, तर पिना वाकविण्याऐवजी माहीतगार वायरमनकडून त्यास आयएसआय चिन्हाचा प्लग बसवून घ्यावा. चार्जरला तिसरी, अर्थिंगची तार असल्यास ती तोडू नये.

गावासाठी आचारसंहिता

ग्रामसभेत पुढील बाबी वाचून दाखवाव्यात :

१. पंप धुऊन, पुसून, कोरडा करूनच चार्जिंगला लावावा. टाकीत औषध किंवा पाणी असता कामा नये.
२. चार्जिंग चालू असताना पंप पाठीवर घेऊ नये व त्याच्या नळीस हात लावू नये.
३. आधी चार्जर पंपाला जोडावा, मग सॉकेटमध्ये लावून बटण सुरू करावे. काढताना आधी बटण बंद करावे.
४. मल्टिप्लगवर मल्टिप्लग लावू नये. उघड्या तारा सॉकेटमध्ये खोचू नयेत.
५. अंथरूण, कापूस, कडबा व कीटकनाशके यांच्याजवळ चार्जिंग करू नये.
६. विजेचा धक्का बसलेल्या व्यक्तीस हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडाने तिला तारेपासून दूर करावे. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देण्याचा प्रथमोपचार तत्काळ सुरू करावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
७. आग लागल्यास प्रथम वीज तोडावी. वीज चालू असताना पाणी टाकू नये. कोरडी वाळू वापरावी. वीज तुटल्यावर लिथियम बॅटरी भरपूर पाण्याने थंड करावी.

१ मे रोजीची ग्रामसभा खरिपाच्या तोंडावर येते. त्या दिवशी गावातील पंपांचे चार्जर एकत्र आणून, वीज न जोडता, त्यांवरील मजकूर वाचण्याचा व पिना तपासण्याचा उपक्रम सहज होऊ शकेल. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून आपापल्या घरच्या चार्जरवरील इनपुट व आउटपुटचे आकडे वहीत उतरवून घ्यावेत. मात्र ते सॉकेटमधून काढण्याचे काम घरातील मोठ्या माणसांनीच करावे. विजेचा अपघात घडल्यास विद्युत् अधिनियम, २००३ च्या कलम १६१ अन्वये विद्युत् निरीक्षकांस कळविण्याची तरतूद आहे. तिची माहिती पंचायत कार्यालयाच्या फलकावर असावी.

बॅटरीच्या पंपाने शेतकऱ्याच्या खांद्याचा भार हलका केला आहे. ही सोय त्याच्या घरात संकट होऊन येऊ नये, यासाठी फारसा खर्च करावा लागत नाही. एक योग्य प्लग, जिवंत अर्थिंग, गळतीरोधक स्विच आणि चार्जरवरील दोन ओळी वाचण्याची सवय, एवढे प्रत्येक घरी पोहोचविण्याचे काम ग्रामपंचायत व शाळा यांनी मिळून येत्या हंगामापूर्वी हाती घ्यावे.