पापळचा बॅरिस्टर आणि तुमच्या घरातली बारावी

निकाल लागला की नांदगाव खंडेश्वरच्या घराघरांत एकच प्रश्न असतो, ‘यात स्कोप आहे का?’ वकिलीबद्दल हा प्रश्न पडला असेल, तर याच तालुक्यातल्या पापळ गावाकडे बघा. २७ डिसेंबर १८९८ रोजी तिथल्या शेतकरी घरात जन्मलेले पंजाबराव देशमुख पुढे बॅरिस्टर, संविधान सभेचे सदस्य आणि देशाचे कृषिमंत्री झाले.

पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावतीचं हिंदू हायस्कूल, पुण्याचं फर्ग्युसन असे मुक्काम करत ते विलायतेला गेले. वडील शामरावांनी शेती गहाण ठेवून पैसा उभा केला, असं वऱ्हाडात आजही सांगतात. विलायतेत पंजाबरावांनी बॅरिस्टरी तर केलीच, शिवाय वेदवाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली. आजच्या भाषेत त्या विषयाला काडीचाही स्कोप नव्हता. परतल्यावर अमरावतीत वकिली केली, अंबादेवी मंदिर सत्याग्रहात उतरले, श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. पदवीने दार उघडलं. आत काय करायचं, ते त्यांनी स्वतः ठरवलं.

पालकांनो, शामरावांची जिद्द घ्या, गहाणखत नको. आधी शिष्यवृत्ती, मग बँकेचं शैक्षणिक कर्ज, शेत अगदी शेवटी. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबरावांच्याच नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिच्या अटी महाडीबीटी पोर्टलवर वाचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा.

विद्यार्थ्यांनो, बारावी कोणत्याही शाखेची असो, पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम खुला आहे; पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हींसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते, तर नागपूरसारख्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ‘क्लॅट’. कायद्याच्या पदवीनंतर बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षाही आहे. सुरुवातीची काही वर्षं ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली, बहुधा तुटपुंज्या कमाईवर जातात. तो काळ घरखर्चाच्या हिशेबात आधीच धरा. वाचायचा, लिहायचा कंटाळा असेल, तर ही वाट धरू नका.

फॉर्म भरण्याआधी एक दिवस न्यायालयात जाऊन बसा. सुनावणी ऐका, एखाद्या वकिलाशी बोला. त्यानंतरही ओढ टिकली, तर बिनधास्त अर्ज करा.