ट्रॅक्टरची गंजलेली डिझेल टाकी : दुरुस्त करावी की बदलावी?

परभणी जिल्ह्यात खरिपाची पेरणी दिवस मोजून करावी लागते. सोयाबीनची पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर करावी आणि जुलैच्या मध्यापर्यंत ती आटोपावी, अशी शिफारस आहे. परंतु काळ्या भारी जमिनीला वापसा येणे आणि पुढचा पाऊस पडणे यांमध्ये शेतकऱ्याच्या हाती पुष्कळदा चार-दोनच दिवस येतात. नेमक्या अशा दिवशी ट्रॅक्टरची ओढ कमी होते व इंजिन गचके खाऊन बंद पडते. फिल्टर बदलला की ते तासभर चालते आणि पुन्हा थांबते. संशय प्रथम पंपावर व मग नोझलवर जातो. त्यांवर पैसाही खर्च होतो. दोष मात्र पुष्कळदा टाकीच्या तळाशी साचलेल्या गंजात असतो. अशी टाकी दुरुस्त करावी की बदलावी, हा निर्णय पेरणीच्या घाईत न घेता उन्हाळ्यातच, शांतपणे पाहणी करून घेणे हिताचे असते.

गंज कसा धरतो

टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असते. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतील ओल पत्र्यावर दवासारखी जमते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते व तेथेच राहते. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या डिझेलच्या बॅरलमध्येही बुचाभोवती साचलेले पावसाचे पाणी आत ओढले जाते व पुढे टाकीत उतरते. म्हणून गंज प्रथम तळाला, खालच्या सांध्याला आणि निचऱ्याच्या बुचाभोवती धरतो. बाहेरच्या बाजूने तो टाकी आवळणाऱ्या पट्ट्यांखाली, जेथे चिखल व ओल अडकून राहते तेथे, पत्रा खातो.

इंजेक्शन पंपातील भागांमध्ये केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी फट असते आणि त्यांना वंगण मिळते ते डिझेलचेच. गंजाचा कठीण कण फिल्टर चुकवून तेथे पोहोचला, तर पंपावर कायमचे ओरखडे पडतात. सबब टाकीचा खर्च वाचविताना पंपाचा खर्च ओढवून घेतला जात नाही ना, हे प्रथम पाहावे.

तपासणीची रीत

बॅटरीची तार सोडवून डिझेल स्वच्छ कॅनमध्ये काढून घ्यावे. तळाचे थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवावे; खाली पाणी, तांबडी भुकटी किंवा काळसर बुळबुळीत साका दिसतो काय, ते पाहावे. काळसर बुळबुळीत साका हा पाणी व डिझेल यांच्या सांध्यावर वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा असू शकतो.

त्यानंतर टाकी ट्रॅक्टरवरून उतरवावी. आत पाहण्यासाठी बाहेरून विजेरीचा प्रकाश टाकावा. काडी ओढून आत डोकावण्याचा प्रकार कोणीही, कधीही करू नये. तळावर व सांध्यांवर पेचकसाच्या मुठीने हलके ठोकावे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. अंगठ्याने दाबताच पत्रा दबत असेल, तर तो पातळ झाला असे समजावे.

बारीक छिद्रे शोधण्यासाठी खडूची भुकटी पाण्यात कालवून टाकीच्या बाहेरील अंगास लावावी व वाळू द्यावी. मग सावलीत, विस्तवापासून दूर, आत दोन-तीन लिटर डिझेल घालून टाकी निरनिराळ्या कुशींवर काही वेळ ठेवावी. जेथे झिरप आहे तेथे पांढऱ्या लेपावर ओला डाग उमटतो.

तीन अवस्था, तीन निर्णय

पहिली अवस्था : आत केवळ वरवरचा तांबूस गंज असून पत्रा टणक आहे व झिरप नाही. अशी टाकी स्वच्छ करून वापरावी. काट्याची दांडी व जाळी काढून घेऊन दहा लिटर पाण्यात एक किलो सायट्रिक आम्ल, म्हणजे बाजारात मिळणारे लिंबूसत, या प्रमाणात द्रावण भरून ते एक रात्र ठेवावे. या वेळी वायू सुटतो. म्हणून झाकण सैल ठेवावे व जवळ विस्तव नसावा. हातमोजे व चष्मा वापरावा. नंतर टाकी पाण्याने, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, पूर्ण वाळवावी व लगेच आतून डिझेल फिरवावे. अन्यथा उघडा पडलेला पत्रा पुन्हा गंजतो. धुवण विहिरीजवळ किंवा जनावरांच्या पाणवठ्यावर ओतू नये. गंज निघाल्यावर खडूची परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण काही छिद्रे गंजानेच बुजलेली असतात.

दुसरी अवस्था : एक-दोन छिद्रे आहेत, पण भोवतालचा पत्रा टणक आहे. ही टाकी जाणत्या कारागिराकडून पितळी झाळ देऊन दुरुस्त करता येते. एपॉक्सीची लुगदी हा केवळ हंगाम निभावण्यापुरता उपाय आहे. आतून लावावयाचा लेप गंज व तेलकटपणा पूर्ण गेला नसल्यास पापुद्रे धरून सुटतो व डिझेलची वाटच बंद करतो.

तिसरी अवस्था : तळाचा पत्रा जागोजागी पातळ झाला आहे, गंजाचे पापुद्रे निघतात किंवा सांधाच कुजला आहे. ही टाकी बदलावी. एक छिद्र बुजविले की झाळेच्या उष्णतेने शेजारचा पातळ पत्रा फाटतो. ज्या ट्रॅक्टरांची टाकी इंजिनाच्या वर असते, तेथे गळणारे डिझेल तापलेल्या भागावर पडून आग लागण्याचे भय असते.

50 अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या नव्या ट्रॅक्टरांना 1 जानेवारी 2023 पासून धुराच्या अधिक कडक मर्यादा लागू झाल्या. त्यांपैकी अनेकांत अतिउच्च दाबाची कॉमन रेल रचना असते. अशा यंत्रांच्या बाबतीत शंका असल्यास टाकी बदलण्याकडेच कल ठेवावा.

झाळकामातील जीवघेणा धोका

डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, म्हणून रिकाम्या टाकीला झाळ देण्यास हरकत नाही, हा समज प्राणघातक आहे. ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेटू शकते, त्याची भारतीय मानकातील किमान मर्यादा वाहनांच्या डिझेलसाठी 35 अंश सेल्सिअस आहे. परभणीत मे महिन्यात सावलीतील तापमान 40 अंशांच्या वर जाते. उन्हातील टाकी त्याहून अधिक तापते. शिवाय सांध्यात व गंजाच्या पापुद्र्यांत मुरलेले डिझेल झाळेच्या उष्णतेने पुन्हा वाफ होते. रिकामी दिसणारी टाकी अशा वेळी बॉम्बसारखी फुटते.

टाकीत सायलेन्सरचा धूर सोडला की धोका टळतो, असे कोणी सुचविल्यास ते मानू नये. डिझेल इंजिनाच्या, विशेषतः मंद चालणाऱ्या इंजिनाच्या, धुरात प्राणवायू पुष्कळ शिल्लक असतो. टाकी गरम पाणी व सोड्याने धुऊन तिला वाफ द्यावी, झाकण व बुचे उघडी ठेवावीत आणि झाळेच्या जागेच्या थोडे खालपर्यंत पाणी भरून आतील मोकळी जागा कमीत कमी करावी. ही व्यवस्था ज्या कारखान्यात नाही, तेथे टाकी देऊ नये. शेतावर तर हे काम मुळीच करू नये.

खर्चाचा हिशोब

दुरुस्तीचा खर्च म्हणजे केवळ झाळेची मजुरी नव्हे. टाकी उतरविणे, धुणे, रंग, नवे फिल्टर आणि ट्रॅक्टर उभा राहिल्याचे दिवस हे सर्व त्यात मिळवावे. ही बेरीज नव्या टाकीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल व टाकी जुनी असेल, तर नवीच घ्यावी, हा ढोबळ नियम व्यवहारात उपयोगी पडतो. जुन्या बाजारातील टाकी घेतल्यास तिचीही वरीलप्रमाणे परीक्षा करावी. धान्याच्या कोठ्या करणाऱ्या कारागिराकडून जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची टाकी करून घेणे स्वस्त वाटते. परंतु डिझेलमधील आम्लांशी जस्ताचा संयोग होऊन साबणासारखा पदार्थ बनतो व तो फिल्टर बंद करतो.

पुढील काळजी

टाकी बसविल्यावर दोन्ही फिल्टर बदलावेत व इंधनमार्गातील हवा काढावी. दिवसाचे काम संपताच टाकी भरून ठेवावी, म्हणजे ओल जमण्यास जागा राहत नाही. पावसाळ्यात तळाचे व फिल्टरचे बूच वरचेवर सैल करून पाणी काढावे. बॅरल छपराखाली आडवे किंवा तिरपे ठेवावे. पट्ट्यांखालचा चिखल हंगामाअखेरीस धुऊन तेथे रंग द्यावा.

सारांश, पत्रा टणक असेल तर टाकी स्वच्छ करावी, छिद्र एखादेच असेल तर ते सुरक्षित रीतीने झाळून घ्यावे आणि पत्रा कुजला असेल तर मोह न धरता टाकी बदलावी. मे महिन्यात या तपासणीस दिलेला एक दिवस वापशाचे चार दिवस वाचवितो. आणि झाळकामातील सावधगिरी एका घराचा कर्ता माणूस वाचविते.