मोटारींतील ऊब व धोक्याचे दिवे



गेल्या डिसेंबर महिन्यांत आपल्या शाळेची व्हॅन बारा विद्यार्थ्यांस घेऊन पांचगणीस निघाली व पसरणीच्या घाटांत बंद पडली, हें तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती कां बंद पडली, आणि तें आधीं कोणास कळावयास पाहिजे होतें, हें फार थोड्यांस ठाऊक आहे. त्या प्रवासांत शिक्षक या नात्यानें मी पुढच्या आसनावर बसलों होतों. पदार्थविज्ञान शिकविणें हा माझा वीस वर्षांचा व्यवसाय. असें असूनही उष्णतेचा एक साधा धडा त्या दिवशीं मला घाटाच्या कठड्यावर बसून पुन्हां शिकावा लागला. तोच धडा येथें क्रमानें मांडतों. ज्या पालकांच्या दारीं मोटार आहे, त्यांसही तो उपयोगी पडेल अशी आशा आहे.

प्रथम घडलेली हकीकत सांगतों. आम्हीं वाई सोडली तेव्हां पहांट होती व थंडी कडाक्याची पडली होती. मामांनीं (आपल्या व्हॅनच्या चालकांस आपण सर्वजण मामा म्हणतों) हीटर लावला. गाडींत ऊब आली आणि मुलें गाणीं म्हणूं लागलीं. वाईपासून पांचगणी सुमारें १२ किलोमीटर. पण तेवढ्या अंतरांत रस्ता सुमारें ७०० मीटर उंचीवरून १३०० मीटर उंचीवर चढतो. अर्धा घाट चढून होतो न होतो तोंच हीटरमधून गार वारा येऊं लागला. मागून नववींतील एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हीटर थंड पडला." मामांनीं वेग कमी करून माझ्याकडे पाहिलें. मीं म्हटलें, "चला तसेच, मामा. हीटरवांचून कोणाचें अडत नाहीं. वर पोहोंचल्यावर पाहूं."

पुढें पांच मिनिटेंही गेलीं नसतील, तोंच डॅशबोर्डावर तांबडा दिवा लागला. मामांनीं गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलें. बॉनेटच्या फटींतून वाफ निघत होती. तोच विद्यार्थी पाण्याची बाटली घेऊन पुढें धांवला. मामांनीं त्याचा हात घट्ट धरला. "बाळा, झांकणाला हात लावायचा नाहीं. सर, पोरांना आधीं पलीकडे न्या."

आम्हीं कठड्याजवळ उभे राहिलों. मग तो विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, आठवडाभर गाडींत गोडसर वास येत होता. आम्हीं तुम्हांला सांगितलें होतें." खरोखरच सांगितलें होतें. कोणीतरी सरबत सांडलें असेल, असें म्हणून मीं तो विषय तेथेंच मिटविला होता.

ऊब कोठून येते?

मोटारीच्या इंजिनांत जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकीं साधारण एक तृतीयांश भाग चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. उरलेली उष्णता कांहीं धुराबरोबर बाहेर जाते व कांहीं इंजिनाच्या धातूंत शिरते. ही धातूंतील उष्णता काढून घेतली नाहीं, तर इंजिन स्वतःच्याच तापानें निकामी होईल. म्हणून पंपाच्या साहाय्यानें इंजिनाभोंवतीं एक द्रव सतत खेळविला जातो. त्यास कूलंट म्हणतात. तें पाणी व ग्लायकॉल यांचें मिश्रण असतें. तापलेलें कूलंट गाडीच्या तोंडाशीं असलेल्या रेडिएटरमध्यें जातें, तेथें वाऱ्यानें निवतें व पुन्हां इंजिनाकडे येतें.

या वाटेवर थर्मोस्टॅट नांवाचा एक द्वारपाल असतो. त्याच्या पोटांत मेण भरलेलें असतें. इंजिन थंड असतां तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास मेण वितळून फुगतें व दार उघडतें. त्यामुळें इंजिन लवकर तापतें, परंतु प्रमाणाबाहेर तापत नाहीं.

आतां हीटर म्हणजे काय, तें पाहा. डॅशबोर्डाच्या मागें दुसरा एक लहानसा रेडिएटर बसविलेला असतो. इंजिनांतील गरम कूलंट दोन नळ्यांनीं त्यांतून जातें व येतें, आणि पंखा त्यावरून वारा आंत सोडतो. सारांश, हीटरमध्यें स्वतःचा विस्तव नसतो. तो इंजिनाचीच टाकाऊ उष्णता आपणांस देतो. म्हणूनच हीटर हा केवळ सुखाचा विषय नव्हे. वैद्य जसा मनगटावरून हृदयाची परीक्षा करतो, तशी हीटरवरून इंजिनाच्या अभिसरणाची परीक्षा होते.

सर्वच गाड्यांची रचना मात्र अशी नसते. जर्मनींत १९५० सालीं फोक्सवागेन कारखान्यानें जी व्हॅन काढली, तिचें इंजिन वाऱ्यानें निवविलेलें होतें. तींत धुराच्या नळ्यांभोंवतीं आवरण घालून त्यांतील गरम हवा आंत घेत असत. अशा रचनेंत नळीस भोंक पडलें, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु प्रवाशांपर्यंत पोहोंचूं शकतो, व त्यास स्वतःचा वास नसतो. यास्तव गाडी कोणतीही असो, आंत धुराचा वास येऊं लागल्यास खिडक्या उघडून ताबडतोब बाहेर पडावें. विजेच्या गाडींत इंजिनाची टाकाऊ उष्णता नसते. तेथें ऊब बॅटरीच्या शक्तींतून काढावी लागते, व त्या मानानें एका भारणींत तोडावयाचें अंतर कमी होतें.

हीटर थंड व इंजिन गरम, हें कसें?

इंजिन उकळत असतां हीटर थंड पडावा, हें प्रथम विपरीत वाटतें. परंतु कारण सोपें आहे. पुष्कळ गाड्यांत हीटरची जागा अभिसरणाच्या मार्गांत उंचावर असते. कूलंट गळून कमी झालें कीं, रिकाम्या झालेल्या जागेंतील हवा उंच भागांत जमते. मग गरम द्रव हीटरपर्यंत पोहोंचत नाहीं व वारा गार येतो. त्याच वेळीं इंजिनाभोंवतींचा द्रवही अपुरा पडतो. घाटांत गाडी हळू चालते, म्हणून रेडिएटरला वारा कमी मिळतो. आणि चढणीवर इंजिनास काम अधिक पडतें, म्हणून उष्णता जास्त निघते. अशा वेळीं हीटर थंड होणें म्हणजे तांबड्या दिव्याच्या आधीं आलेली सूचनाच होय.

आमच्या व्हॅनमध्यें हीटरचा लहान रेडिएटरच झिरपत होता. कूलंटमधील ग्लायकॉलमुळें तो गोडसर वास येत होता. पुढची कांच आंतून धुरकट व तेलकट होत असे. आम्हीं ती फडक्यानें पुसत होतों. पायाखालचें जाजम ओलसर होतें. तें मुलांच्या बाटल्यांनीं भिजलें असावें असें आम्हीं समजलों. टाकींतील द्रव खालच्या रेषेखालीं गेला होता, पण पाहतो कोण? मग हीटर थंड झाला. आणि सर्वांच्या शेवटीं दिवा लागला. वास, कांच, जाजम, टाकी व हीटर अशा पांच साक्षी होऊन गेल्यावर दिव्यानें सहावी साक्ष दिली.

दिव्यांचे रंग

डॅशबोर्डावरील चिन्हें बहुतेक देशांत सारखींच असतात. त्यांच्या रंगांचा अर्थ स्थूलमानानें असा आहे. तांबडा म्हणजे धोका. सुरक्षित जागा पाहून थांबावें. पिंवळा म्हणजे दोष आहे. लवकर तपासून घ्यावा. हिरवा किंवा निळा म्हणजे केवळ माहिती.

लाटांतील तापमापकाचें तांबडें चिन्ह इंजिन अति तापल्याचें आहे. तेलाच्या झारीचें तांबडें चिन्ह तेलाचा दाब गेल्याचें आहे; तें दिसतांच इंजिन बंद करावें, कारण वंगणावांचून धातूवर धातु घासून इंजिन अल्पावकाशांत नष्ट होतें. बॅटरीचें चिन्ह वीज भरली जात नसल्याचें आहे. इंजिनाच्या आकृतीचा पिंवळा दिवा स्थिर असेल तर लवकर तपासणी करावी. तो लुकलुकत असेल तर वेग कमी करून थांबावें.

कधीं कधीं दोन दिवे मिळून एकच गोष्ट सांगतात. पुष्कळ इंजिनांत एकच पट्टा वीज उत्पन्न करणारें यंत्र व पाण्याचा पंप अशीं दोन्हीं फिरवितो. म्हणून बॅटरीचा व तापाचा असे दोन्ही दिवे एकापाठोपाठ लागले, तर प्रथम तो पट्टा तुटला कीं काय, हें पाहावें. उलट, तापाचा कांटा वर चढून एकाएकीं खालीं आला, तर आनंद मानूं नये. कूलंट इतकें कमी झालें असेल कीं, उष्णतामान मोजणारें साधन द्रवांत न राहतां उघडें पडलें असेल.

दोष शोधण्याची रीत

हीटर नीट चालत नसेल, तर पुढील क्रम ठेवावा.

१. इंजिन पूर्ण थंड असतां टाकींतील कूलंट वरच्या व खालच्या रेषांच्या मध्यें आहे कीं नाहीं, हें पाहावें. कमी असेल, तर तें कोठें गेलें हें शोधल्यावांचून नुसती भर घालून स्वस्थ बसूं नये.

२. वाराच येत नसेल, तर दोष उष्णतेचा नसून पंख्याचा आहे. फ्यूज, पंख्याची मोटर व हवेची गाळणी पाहावी. पंखा केवळ सर्वांत मोठ्या वेगावरच चालत असेल, तर बहुधा वेग कमी करणारा रेझिस्टर जळलेला असतो.

३. वारा येतो पण गार येतो, अशा वेळीं इंजिन तापवून बंद करावें व हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्यांजवळ जपून हात न्यावा. दोन्ही गरम असल्यास कूलंट हीटरपर्यंत पोहोंचत आहे; दोष गरम व गार वारा मिसळणाऱ्या झडपेंत असावा. एक गरम व एक थंड असल्यास हीटर आंतून तुंबला असावा किंवा त्याची तोटी बंद असावी. दोन्ही थंड असल्यास कूलंट कमी आहे, पंप चालत नाहीं, किंवा थर्मोस्टॅट उघडा राहिला आहे.

४. लांबच्या प्रवासांतही तापाचा कांटा वर येत नाहीं व हीटर कोमटच राहतो, असें असल्यास थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचा संशय घ्यावा.

आजच्या गाड्यांत संगणक असतो व तो दोषांची नोंद सांकेतिक अंकांनीं ठेवतो. अमेरिकेंत १९९६ सालापासून नव्या मोटारींस यासाठीं एकाच प्रकारची सोळा टांचण्यांची जोडणी सक्तीची झाली, व पुढें ती इतर देशांतही पसरली. तेथें वाचक यंत्र लावलें कीं अंक दिसतो. पी ०१२८ याचा अर्थ, कूलंट अपेक्षेइतकें तापत नाहीं. पी ०२१७ याचा अर्थ, इंजिन अति तापलें. परंतु लक्षांत ठेवा, अंक लक्षण सांगतो, कारण सांगत नाहीं. पी ०१२८ पाहून थर्मोस्टॅट बदलला आणि खरा दोष कमी झालेल्या कूलंटचा निघाला, तर पैसा गेला व दोष राहिला.

काय करूं नये

तापलेल्या इंजिनाचें झांकण कधींही उघडूं नये. झांकणामुळें आंत सुमारें एक वातावरणाइतका जादा दाब राहतो, व त्या दाबाखालीं पाणी १२० अंशांच्या जवळपास उकळतें. घाटमाथ्यावर उघड्या भांड्यांतील पाणी सुमारें ९६ अंशांसच उकळतें. झांकण सैल होतांच आंतील ११० अंशांचा द्रव एकदम वाफ होऊन उसळतो व तोंड आणि हात भाजून काढतो. मामांनीं त्या मुलाचा हात धरला, तो यासाठीं. तसेंच तापलेल्या इंजिनांत थंड पाणी ओतूं नये. धातूस तडा जाण्याचें भय असतें. कूलंट चवीस गोड पण विषारी असतें. तें मुलांच्या व जनावरांच्या हातीं लागूं देऊं नये. थांबावयास जागाच नसेल, तर ती मिळेपर्यंत हीटर पूर्ण गरम करून पंखा मोठा ठेवावा. इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेनें निघून जाते. आणि त्रासदायक दिव्यावर कागद चिकटवून तो झांकणें, हा तर स्वतःलाच फसविण्याचा प्रकार होय.

त्या दिवशीं मुलें एस. टी. नें पांचगणीस गेलीं. वाईहून आलेल्या कारागिरानें, इंजिन निवल्यावर, हीटरच्या दोन नळ्या परस्परांस जोडून हीटर वगळला, कूलंट भरलें व गाडी खालीं आणिली. पुढें नवा हीटर बसविला गेला. इंजिन वांचलें, तें मामांनीं दिवा लागतांच तें बंद केलें म्हणून. मी त्यांच्या जागीं असतों, तर पांचगणी जवळच आहे असें म्हणून गाडी तशीच हांकली असती.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत मीं त्या विद्यार्थ्याची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. वडीलधाऱ्यांनीं लहानांची बारीकसारीक तक्रार हंसून टाळूं नये. आणि लहानांनींही एकदां कोणीं ऐकलें नाहीं म्हणून गप्प बसूं नये. ती दुसऱ्यांदा सांगावी. आतां आपल्या व्हॅनमध्यें एक वही टांगलेली आहे. वास, आवाज, ओल, जें जें कोणास वेगळें वाटेल तें त्यानें तींत लिहावें, व दर सोमवारीं मामांनीं आणि मीं तें वाचावें, असा नेम केला आहे.

घरीं करून पाहावें

१. वडिलांस सांगून इंजिन सुरू न करतां केवळ चावी फिरवावयास लावा. किती दिवे लागतात तें मोजा. इंजिन सुरू झाल्यावर कोणते विझले, कोणते राहिले, तें लिहा. चावी फिरवितांना जो दिवा मुळींच लागत नाहीं, त्याविषयीं काय अनुमान काढाल?

२. इंजिन थंड असतां कूलंटच्या टाकीवरील दोन रेषा पाहा व महिनाभर दर रविवारीं पातळीची नोंद ठेवा.

३. उघड्या पातेल्यांतील पाणी व झांकलेल्या प्रेशर कुकरमधील पाणी यांपैकीं कोणतें अधिक उष्णतामानावर उकळतें, व कुकर लगेच कां उघडूं नये, हें आईस समजावून सांगा. तिला तें बहुधा आधींच ठाऊक असेल.