पत नसलेल्याची पहिली मालमोटार

भारतातील रस्त्यांवरून जो माल वाहिला जातो, त्याचा मोठा भाग एक, दोन किंवा चार-पाच मालमोटारी बाळगणाऱ्या लहान मालकांच्या हाती आहे. या मालकांपैकी पुष्कळ जण प्रथम क्लीनर म्हणून गाडीवर चढले, पुढे चालक झाले आणि दुसऱ्याची गाडी हाकता हाकता स्वतःच्या गाडीचा विचार करू लागले. तमिळनाडूतील नामक्कल आणि त्याच्या आसपासचा मुलूख अशा मालकचालकांसाठी व गाड्यांचे सांगाडे बांधणाऱ्या कारखान्यांसाठी देशभर ओळखला जातो. अशा माणसाजवळ कौशल्य असते, रस्त्यांची माहिती असते, मालदलालांशी ओळख असते. नसते ती पत.

‘पत नसणे’ या शब्दांत दोन निरनिराळ्या अवस्था मिसळल्या जातात. ज्याने कधीच कर्ज काढले नाही, त्याच्याविषयी कोठे काही नोंदच नसते. ज्याने कर्ज काढून हप्ते थकवले, त्याच्याविषयी प्रतिकूल नोंद असते. पहिला अपरिचित असतो. दुसऱ्याने विश्वास गमावलेला असतो. पूर्वी गावचा सावकार हा भेद जाणत असे, कारण तो माणसालाच ओळखत असे. मात्र त्या ओळखीची किंमत तो जबर व्याजाने वसूल करी.

सावकार, बँक आणि मधला मार्ग

१९६९ साली १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर शेतकरी, लघुउद्योजक यांच्याबरोबर लहान वाहतूकदारांचाही अग्रक्रमाने कर्ज देण्याच्या क्षेत्रात समावेश झाला. तथापि बँकेच्या दाराशी गेलेल्या चालकापुढे जुनीच अडचण उभी राही. त्याच्यापाशी प्राप्तिकराची कागदपत्रे नसत, तारणाला घर किंवा जमीन नसे आणि जामीन राहणारा प्रतिष्ठित गृहस्थही नसे. त्यातच जुन्या गाडीवर कर्ज देण्यास बँका सहसा राजी नसत. आणि त्याला परवडणारी गाडी तर जुनीच असे.

ही पोकळी खाजगी वित्तसंस्थांनी भरून काढली. चिट फंडाच्या व्यवसायातून पुढे आलेल्या श्रीराम समूहाने १९७९ साली मद्रास येथे मालमोटारींना कर्ज देणारी संस्था स्थापन केली. समूहाचे एक संस्थापक आर. त्यागराजन हे गणित व संख्याशास्त्राचे अभ्यासक असून त्यांनी विमा व्यवसायात दीर्घकाळ काम केले होते. कागदोपत्री पत नसलेल्या चालकाला कर्ज देणे लोक समजतात तितके धोक्याचे नाही, अशी त्यांची धारणा होती. गाडी हीच चालकाची उपजीविका असल्याने तो ती सहजासहजी हातची जाऊ देणार नाही, हे या व्यवहारामागील सूत्र होय. जुन्या मालमोटारींना कर्ज देणाऱ्या देशातील सर्वांत मोठ्या संस्थांमध्ये पुढे या संस्थेची गणना झाली.

आज आणखी एक वाट उपलब्ध आहे. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेखाली लहान व्यवसायाला १० लाख रुपयांपर्यंतचे कर्ज वेगळ्या तारणाशिवाय मिळू शकते व मालवाहू वाहनाची खरेदीही तीत बसते. रिझर्व्ह बँकेच्या निदेशांनुसार पतमाहिती संस्थांनी प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा तिचा पतअहवाल विनामूल्य द्यावयाचा असतो. अर्ज करण्यापूर्वी हा अहवाल पाहणे हे पहिले काम होय. फेडलेले कर्ज थकित दाखवले गेले असल्यास तक्रार करता येते आणि तिचे निवारण ३० दिवसांत व्हावे, असा नियम आहे.

हप्त्यामागील गणित

ज्याला कर्ज सहज मिळत नाही, तो मिळालेल्या कर्जाच्या अटी बारकाईने पाहत नाही; आणि हीच त्याची सर्वांत महागडी चूक ठरते. समजा, ८ लाख रुपयांच्या जुन्या गाडीसाठी चालकाने २ लाख रुपये स्वतःचे घातले व ६ लाख रुपये तीन वर्षांसाठी कर्ज घेतले. व्याज ‘सरळ १२ टक्के’ सांगण्यात आले. वर्षाचे व्याज ७२ हजार, तीन वर्षांचे २ लाख १६ हजार. एकूण फेड ८ लाख १६ हजार आणि महिन्याचा हप्ता सुमारे २२,६६७ रुपये होतो.

येथे एक गोष्ट नजरेआड होते. दरमहा मुद्दल फिटत असते, परंतु व्याज मात्र शेवटपर्यंत मूळच्या ६ लाखांवर आकारले जाते. हाच हप्ता घटत्या शिलकेच्या हिशेबाने मांडला, तर व्याजाचा खरा दर वर्षाला सुमारे २१ टक्के निघतो. म्हणून दोन संस्थांच्या दरांची तुलना करताना दोन्ही दर एकाच पद्धतीने मांडलेले आहेत किंवा नाहीत, हे प्रथम विचारले पाहिजे. १ ऑक्टोबर २०२४ पासून लहान व्यवसायांच्या मुदतकर्जांसाठी सर्व आकार धरून वार्षिक खर्चाचा दर दाखवणारे माहितीपत्रक ऋणकोला देणे बँकांवर व वित्तसंस्थांवर बंधनकारक झाले आहे. ते मागून घ्यावे आणि सहीपूर्वी वाचावे.

मंदीचा महिना

आता त्याच गाडीचे उत्पन्न पाहू. उदाहरणादाखल असे धरू की, डिझेल, पथकर व वाटखर्च वजा जाता चांगल्या महिन्यात ४५ हजार रुपये उरतात. टायर, विमा, कर, दुरुस्ती व योग्यता प्रमाणपत्र यांसाठी महिन्याला १२ हजार बाजूला काढले, की ३३ हजार राहतात. हप्ता भरल्यावर घरी जाण्यास १०,३३३ रुपये उरतात. परंतु पावसाळ्यात बांधकामाचा माल थंडावतो, परतीची फेरी रिकामी होते आणि वर्षातले तीन महिने २५ हजारच हाती येतात. त्यातून १२ हजार वजा केल्यास १३ हजार राहतात व हप्त्याला ९,६६७ रुपये कमी पडतात. तीन महिन्यांची तूट सुमारे २९ हजारांची होते.

वर्षाचा मेळ घातला, तर घरासाठी ६४ हजार रुपये, म्हणजे महिन्याला साडेपाच हजारही नाहीत. गाडी स्वतः हाकूनही मालकाच्या हाती पगारी चालकाहून कमी पैसा येतो. तीन वर्षे तो कुटुंबाची मजुरी गाडीत गुंतवीत असतो आणि अखेरीस त्याला मिळते ती गाडी. हे आधी ठाऊक असेल, तर घरातील माणसे तो ताण समजून सोसतात; ठाऊक नसेल, तर दुसऱ्याच पावसाळ्यात हप्त्यासाठी नवे कर्ज काढले जाते.

याच दराने मुदत चार वर्षांची केली, तर हप्ता १८,५०० वर येतो व घरखर्चासाठी वर्षाला १ लाख १४ हजार उरतात. मात्र एकूण व्याज ७२ हजारांनी वाढते. यांपैकी कोणता पर्याय योग्य, हे गाडीच्या वयावर ठरते. आठ वर्षांहून जुन्या गाडीला योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. कर्ज फिटण्यापूर्वी जी गाडी थकेल, तिच्यासाठी लांब मुदत घेणे हिताचे नाही. तसेच गाठीची सगळी पुंजी पहिल्या भरण्यात ओतू नये. तीन मंद महिन्यांची तूट भरून निघेल इतकी रक्कम हाती राखून मगच गाडीची किंमत ठरवावी.

कागद आणि हक्क

अशा कर्जात गाडी नजरगहाण असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५१ अन्वये धनकोचे नाव नोंदणीपुस्तकात चढते. हप्ते थकल्यास गाडी ताब्यात घेण्याची तरतूद करारात असते. तथापि गाडी बळजबरीने, गुंडांकरवी ओढून नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट केले आहे. ताबा घेण्यापूर्वीच्या सूचनेची मुदत आणि विक्रीपूर्वी थकबाकी भरण्याची शेवटची संधी या गोष्टी वित्तसंस्थेच्या करारात नमूद असाव्यात, असेही रिझर्व्ह बँकेचे निदेश आहेत. मंदी दिसू लागताच, हप्ता चुकण्याच्या आधी संस्थेला लेखी कळवून मुदतवाढ मागणे हे तोंड चुकवण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

शेवटचा हप्ता भरल्यावर ना-हरकत पत्र व पस्तीस क्रमांकाचा नमुना घेऊन परिवहन कार्यालयात धनकोचे नाव कमी करून घ्यावे लागते. पुष्कळ जण हे काम लांबणीवर टाकतात आणि गाडी विकण्याच्या वेळी अडतात. हे नाव उतरते, त्या वेळी ज्याच्याविषयी कोठे काही नोंद नव्हती, त्या माणसाच्या नावावर ३६ वेळच्या हप्त्यांची नोंद झालेली असते. दुसऱ्या मालमोटारीसाठी तो बँकेत जाईल, तेव्हा त्याच्याविषयी बोलण्यासाठी ही नोंद पुरेशी असेल.