सातबाऱ्यावर नसलेले भांडवल : माणची शेती आणि मधमाशी

माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेला आहे. येथील दुष्काळाच्या इतिहासात पाऊस, चारा व स्थलांतर यांची नोंद होते. पिकांच्या फुलांवर येणाऱ्या मधमाशीची मात्र होत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. केवळ आकारावरून शेतजमीन किफायतशीर ठरत नाही. भांडवल, श्रम आदी घटकांचे जमिनीशी योग्य प्रमाण असावे लागते, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. या दृष्टीने पाहता मधमाशी हाही शेतीचा एक उत्पादनघटक आहे, असे आम्हांस वाटते.

बाजरीचे परागण प्रामुख्याने वाऱ्यामार्फत होते. कांद्याच्या बियाण्याचे तसे नाही. कांद्याच्या फुलातील पराग आधी बाहेर पडतो, स्त्रीकेसर मागाहून पक्व होतो. म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर नेणारा कीटक लागतो. सूर्यफुलाचे दाणे भरण्यास आणि डाळिंबाच्या फळधारणेसही मधमाशीचे साह्य होते.

उष्मा वाढला की पराग निर्जीव होतो आणि फुलांतील मकरंद आटतो. कामकरी माश्यांना मकरंद सोडून पोळे थंड राखण्यासाठी पाणी वाहावे लागते. फुलोऱ्याची वेळ सरकली की फूल व माशी यांची गाठ चुकते. अवकाळी पाऊस उरलासुरला पराग धुऊन नेतो.

अशा वेळी जमीनधारकाचे पीक घटते. भूमिहीन कुटुंबाची तर मजुरीच बुडते. पीकनुकसानीच्या पंचनाम्यात तोडणीस व काढणीस जाणाऱ्या स्त्रीच्या बुडालेल्या रोजगाराला रकाना नसतो. म्हणून हा प्रश्न केवळ निसर्गाचा नाही, सामाजिक न्यायाचाही आहे.

आपल्याच सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. तेथील पाऊस व अरण्य माणला लाभलेले नाही. परंतु बांधावरची बोर, बाभूळ, कडुनिंब व शेवगा राखणे आपल्या हाती आहे. फुलोऱ्यात फवारणी टाळावी. अटळ असल्यास माश्या पोळ्यात परतल्यावर, सायंकाळी करावी. पोळी जाळून मध काढणे थांबवावे.

मधपेटी ठेवण्यास स्वतःच्या नावे जमीन असावी लागत नाही. शेतकऱ्याच्या संमतीने त्याच्या बांधावर ठेवलेली पेटी पिकालाही उपकारक ठरते आणि भूमिहीनाच्या घरीही उत्पन्न आणते. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी गावोगावी हा विचार कृतीत आणावा, अशी आमची अपेक्षा आहे.