लिंबाच्या पानावरचे चिकट घर

आमच्या काकांची इंडी तालुक्यात कागदी लिंबाची बाग आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत गेलो, तेव्हा पानांवर आणि फळांवर खरखरीत तपकिरी फोड दिसले, पानांवर त्यांच्याभोवती पिवळे वलय. हाच खैऱ्या रोग. काकांनी विचारले, “तू जिवाणूंचंच शिकतोस ना? मग सांग की, तीनदा औषध मारलं तरी हा का जात नाही?” मी गप्प बसलो. झँथोमोनास सिट्री हे नाव सांगून त्यांचे समाधान होण्यासारखे नव्हते.

परत आल्यावर सरांनी वाट दाखवली. पावसाच्या उडत्या थेंबांतून पानावर आलेले हे जिवाणू सुटे राहत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती बहुशर्करेचा बुळबुळीत थर तयार करतात. यालाच बायोफिल्म म्हणतात. बरेच दिवस न घासलेल्या माठाला आतून बोट लावून पाहा, म्हणजे ही चीज काय ते कळेल! खैऱ्याच्या जिवाणूच्या थरातील मुख्य चिकट पदार्थ म्हणजे झँथन. गंमत अशी की, याच्याच एका भाऊबंदापासून काढलेले झँथन आइस्क्रीम आणि सॉस दाट करायला वापरतात. पानावर मात्र ते जिवाणूंना कोरडेपणापासून जपते. 2007 साली अर्जेंटिनातील संशोधकांनी झँथन बनवू न शकणारे जिवाणू लिंबाच्या पानांवर सोडले, तेव्हा त्यांना नीट बायोफिल्म बांधता आली नाही आणि ते पानावर फारसे तगलेही नाहीत.

काकांच्या पानांवरून आम्ही पिवळ्या, चिकट वसाहती वाढवल्या. त्या द्रव माध्यमात घालून परीक्षानळी न हलवता ठेवली. नंतर द्रव ओतून, नळी धुऊन क्रिस्टल व्हायोलेट घातले, तर काचेवर जांभळे कडे उमटले. धुऊनही न निघालेले!

काकांचे चुकत होते ते इथेच. फोड दिसले की ते बोर्डो मिश्रण फवारत. त्यातले तांबे उघड्या जिवाणूंना मारते. थरात दडलेल्यांपर्यंत ते पुरेसे पोचत नाही, आणि पर्णरंध्रांतून वा नागअळीच्या जखमांतून आत शिरलेल्यांपर्यंत तर नाहीच. फवारणी हवी ती कोवळ्या पालवीवर, थर बसण्याआधी. आणि जुन्या फोडांच्या फांद्या पावसाळ्याआधीच काढायला हव्यात.

काकांनी मे महिन्यात दोन गाड्या फांद्या छाटून जाळल्या. त्यांत लिंबे लागलेल्या फांद्याही गेल्या, म्हणून काकू अजून माझ्यावर रागावून आहेत.